मोझांबिक: करार दोघांत झाला, मग एवढे फाटे कुठून फुटले? (पीएचडी, मदत हवी)

वाळवंटीकाठ

नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय कारण पुरती अडकलेय. मी गोव्यातल्या साखळीची, राज्यशास्त्रात पीएचडी करतेय. विषय असा की यादवी युद्धातून बाहेर पडलेल्या देशात शांतता करार झाल्यावर राजकारण जुळत जातं की आणखी फुटत जातं, आणि त्यासाठी देश घेतलाय मोझांबिक. आईला अजून वाटतं मी पोर्तुगीजांच्या इतिहासावर काहीतरी करतेय, आणि शेजारच्या काकू विचारतात तिथे नोकरी मिळते का गो.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. २५ जून १९७५ ला देश पोर्तुगीजांपासून स्वतंत्र झाला, सत्ता फ्रेलिमोकडे, म्हणजे स्वातंत्र्यासाठी लढलेल्या संघटनेकडे. दोनेक वर्षांत रेनामो नावाची बंडखोर फौज उभी राहिली, आधी ऱ्होडेशियाच्या (आजचा झिम्बाब्वे) पैशावर आणि १९८० नंतर दक्षिण आफ्रिकेच्या. पण नुसतं बाहेरचं कारस्थान म्हणून सोडून देता येत नाही, कारण फ्रेलिमोने लोकांना जबरदस्तीने सामुदायिक गावांत हलवलं, गावच्या परंपरागत प्रमुखांना काढून टाकलं, त्यामुळे मध्य भागात रेनामोला माणसं मिळत गेली. युद्धात, उपासमारीत मिळून दहा लाखांच्या आसपास माणसं गेली असं सगळीकडे छापलं जातं. शेवटी ४ ऑक्टोबर १९९२ ला रोममध्ये करार. मध्यस्थ कोण तर सांत एजिदियो नावाची कॅथलिक मंडळी, बेइरा या बंदराच्या शहराचे आर्चबिशप आणि इटलीचं सरकार. सरकारकडून राष्ट्राध्यक्ष शिसानो, रेनामोकडून त्यांचे नेते ध्लाकामा. युनोने रेनामोला जंगलातून उठून पक्ष व्हायला चक्क फंड उभा करून दिला. १९९४ ला निवडणूक, आणि जगभर गाजावाजा की बघा शांतता अशी करतात.

आता माझी अडचण. गाइड म्हणतात फाटाफूट म्हणतेस ती मोजणार कशी? राज्यशास्त्रात एक ठरलेलं सूत्र आहे, प्रत्येक पक्षाच्या जागांचा हिस्सा घ्या, वर्ग करा, बेरीज करा, उलटा करा, आली प्रभावी पक्षसंख्या. एकूण जागा २५०. १९९४ ला फ्रेलिमो १२९, रेनामो ११२, तिसरी आघाडी ९. उत्तर २.१४. २०१९ ला १८४, ६० आणि रेनामोतून फुटलेला एमडीएम पक्ष ६. उत्तर १.६७. म्हणजे आकडा सांगतो फाटाफूट कमी झाली, देश जुळत आला! आणि त्याच २०१९ ला रेनामोचा एक गट फुटून मध्य भागात बसेसवर गोळ्या झाडत होता, उत्तरेला काबो देलगादो प्रांतात दोन वर्षं वेगळंच बंड पेटलेलं होतं. सूत्र चुकलं की मी? रात्री दोन वाजता एक्सेलकडे बघत बसते आणि रडू येतं, खोटं नाही सांगत.

फोंड्याचा_भाव

विषय भारी आहे पण गोव्यात बसून मोझांबिक कशाला? इथली फाटाफूट कमी पडली काय.

पेडण्याचा_पाव

भावाने मुद्द्याचं बोलल्यामुळे मी पण ते सूत्र आपल्या विधानसभेला लावून बघितलं, कॅल्क्युलेटर घेऊन, ऑफिसात काम सोडून. २०२२ चा निकाल, ४० जागा: भाजप २०, काँग्रेस ११, आप २, मगो २, गोवा फॉरवर्ड १, आरजी (रिव्होल्युशनरी गोवन्स) १, अपक्ष ३. अपक्ष प्रत्येकी वेगळा धरला तर उत्तर बरोब्बर ३ येतं. मग १४ सप्टेंबर २०२२ ला काँग्रेसचे ११ पैकी ८ उठून भाजपात गेले. परत सूत्र लावा, उत्तर १.९९. एका दिवसात तीनाचे दोन, आणि मतदान केंद्रावर एक माणूस गेला नाही. तेच लोक जानेवारीत देवळात, खुरसाकडे आणि दर्ग्यात शपथ घेऊन आले होते की पक्ष सोडणार नाही.

म्हणजे ताई तुझं सूत्र चुकलेलं नाही, ते फक्त खुर्च्या मोजतं. माणूस कुठे गेला ते मोजत नाही.

वाळवंटीकाठ

पाव, हे तुझं गणित मी प्रबंधात ढापणार आहे. तळटीपेत तुझं नाव 'पेडण्याचा पाव' असंच घालू ना?

फोंड्याचा भाव, गोव्यातून मोझांबिकच का, तर १७५२ पर्यंत मोझांबिकचा कारभारच गोव्याच्या विसरेईखाली (व्हाइसरॉय) होता. आणि मोझांबिकच्या मध्य भागातल्या गोरोंगोझाच्या डोंगरात १९व्या शतकात स्वतःची फौज बाळगून राज्य करणारा जो सरदार होता ना, मानुएल आंतोनियु द सोझा, लोक त्याला गोव्हेया म्हणायचे, तो म्हापशाचा! १८९२ ला मेला. पुढे शंभर वर्षांनी रेनामोचा मुख्य तळ त्याच गोरोंगोझात. योगायोग आहे, मी त्यावर सिद्धांत मांडत नाहीये, पण म्हापशाच्या बाजारात फिरताना मला हे आठवतंच.

तारवटी_रिटायर्ड

वास्कोहून लिहितो. टायपिंग हळू आहे, चूकभूल माफ. मी जहाजावर होतो ३१ वर्षं, बेइराला १९८० च्या दशकात आमचं जहाज लागलं होतं. बंदरातून झिम्बाब्वेला जाणारी रेल्वे, तेलाची पाइप आणि रस्ता, हे तिन्ही झिम्बाब्वेचे सैनिक राखत असत. म्हणजे देश मोझांबिकचा आणि पहारा शेजाऱ्याचा, कारण त्या रस्त्याशिवाय झिम्बाब्वेचा माल दक्षिण आफ्रिकेतून न्यावा लागला असता. मुन्हावाच्या तेलाच्या टाक्या १९८२ च्या डिसेंबरात उडवल्या होत्या, त्याची गोष्ट बंदरावरचा प्रत्येक माणूस सांगायचा. आम्ही शहरात गेलो तर दुकानात फडताळं रिकामी. एका म्हाताऱ्याने मला कोंकणीत हाक मारली, मी उडालोच, म्हणाला साबण असला तर दे. मी दोन वड्या दिल्या. त्याने मला पैसे घे म्हणून सांगितलं आणि त्या पैशाने काहीच मिळत नव्हतं.

माझा प्रश्न, बाय, तू फाटाफूट म्हणतेस पण तेव्हाही त्या म्हाताऱ्याला दोन बाजू कुठे होत्या? रात्री एक येत, दिवसा दुसरे. त्याला दोघांचीही भीती.

साळगावचा_मास्तर

काका, साबणाची गोष्ट छानच. मी शाळेत इतिहास शिकवला, आता घरी बसून पोर्तुगीज वाचतो.

विद्यार्थिनीला एक सुचवतो. तू सुरुवात १९९२ पासून करतेस तिथेच घोळ आहे. रेनामोतली फूट बघायच्या आधी फ्रेलिमोतली बघ. उरिया सिमांगो हे फ्रेलिमोचे उपाध्यक्ष, १९६९ ला अध्यक्ष एदुआर्दो मोंडलानेचा पार्सल बॉम्बने खून झाल्यावर नेतृत्वाच्या भांडणात बाहेर फेकले गेले, स्वातंत्र्यानंतर पकडले आणि खटल्याशिवाय मारून टाकले. त्यांचा मुलगा दाविझ सिमांगो. तो रेनामोकडून २००३ ला बेइराचा महापौर झाला. काम चांगलं केलं. तर २००८ ला ध्लाकामाने त्यालाच तिकीट नाकारलं! तो अपक्ष उभा राहिला आणि जिंकला, २००९ ला एमडीएम पक्ष काढला. बाप एका पक्षाने खाल्ला, मुलगा दुसऱ्याने टाकला. तुझ्या सूत्रात हे सगळं मिळून ६ जागा.

फोंड्याचा_भाव

मास्तर, बरा चाललेला माणूस डोईजड होतो म्हणून तिकीट कापायचं, ही पद्धत आफ्रिकेची आहे असं तुम्हाला म्हणायचंय काय?

साळगावचा_मास्तर

मी काहीच म्हणत नाही. पेन्शन चालू आहे माझी.

वाळवंटीकाठ

मास्तर, धन्यवाद. आणि पुढचा धागा तुम्हीच हातात दिलात. रेनामोत सगळं एका माणसाभोवती, ध्लाकामांभोवती होतं. १९९९ ला राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत ध्लाकामांना ४७.७ टक्के मतं, शिसानोंना ५२.३. इतकी घासून निवडणूक, रेनामो म्हणे चोरी झाली. २००० च्या नोव्हेंबरात मोर्चे निघाले आणि मोंतेपुएझ या गावात पकडलेली ८० हून जास्त माणसं पोलिस कोठडीत कोंबल्यामुळे गुदमरून मेली. मोंतेपुएझ काबो देलगादोत येतं. सतरा वर्षांनी तोच प्रांत पेटला तेव्हा सगळ्या जगाने विचारलं की हे अचानक कुठून आलं.

रेनामोच्या जागा बघा: १९९९ ला ११७, २००४ ला ९०, २००९ ला ५१. पक्ष बुडत होता पण बंदुका पूर्ण दिल्याच नव्हत्या, ध्लाकामांचे रखवालदार म्हणून काही शे माणसं हत्यारांसह राहिली होती. म्हणून २०१३ ला परत लढाई, आणि मौजेची गोष्ट म्हणजे लढाईनंतरच्या २०१४ च्या निवडणुकीत जागा ५१ च्या ८९ झाल्या. मला इथे जी भीती वाटते ती अशी की शांततेच्या करारांतून सगळ्यांनी एकच धडा घेतला, बंदूक हातात असली की टेबलावर खुर्ची मिळते.

मे २०१८ ला ध्लाकामा गेले, तेही गोरोंगोझात, आणि बोलणी त्यांच्याच डोक्यात होती. त्यांच्या जागी ओसुफो मोमादे आले, ६ ऑगस्ट २०१९ ला राजधानी मापुतोत नवा करार, पण त्याच्या आधीच मारियानो न्योंगो नावाच्या सेनानीने वेगळी हुंता (लष्करी गट) काढली, म्हणे मोमादे आमचे नाहीत. २०२१ च्या ऑक्टोबरात सरकारी फौजेने त्याला मारलं. बाकीच्या ५,२२१ बंडखोरांनी हत्यारं खाली ठेवली, शेवटचा तळ वुंदुझीचा, तो जून २०२३ ला बंद झाला. फोटो छान आले, मिठ्या, झेंडे. मग पेन्शनला उशीर. आणि २०२५ ला रेनामोच्याच माजी लढवय्यांनी पक्षाची कार्यालयं ताब्यात घेतली, मोमादेंनी जावं म्हणून. पेन्शन नीट चालू असण्याचं महत्त्व मास्तरांना कळेल.

पेडण्याचा_पाव

आणि तो २०२४ चा फेसबुक लाइव्हवाला? त्याचं राहिलं.

वाळवंटीकाठ

वेनान्सियो मोंडलाने. आधी एमडीएममध्ये, मग रेनामोत, २०२४ ला रेनामोचं अध्यक्षपद मिळवायला गेला तर मोमादेंनी दारच लावलं, मग पोदेमोस नावाच्या पक्षाच्या पाठिंब्यावर राष्ट्राध्यक्षपदाला उभा. पोदेमोस म्हणजे कोण तर फ्रेलिमोतून फुटलेले लोक! अधिकृत निकाल: फ्रेलिमोचा चापो ६५.१७ टक्के, मोंडलाने २४.१९. संसदेत फ्रेलिमो १७१, पोदेमोस ४३, रेनामो २८, एमडीएम ८. सूत्र लावलं, १.९६, म्हणजे २०१९ च्या १.६७ पेक्षा थोडंसंच काय ते फुटलं. आणि बाहेर रस्त्यावर? निकालाच्या आधीच, १९ ऑक्टोबरला, त्याचा वकील आणि पोदेमोसचा एक पदाधिकारी मापुतोत गाडीत गोळ्या घालून मारले. पुढच्या आंदोलनांत स्थानिक संस्थांच्या मोजणीनुसार ३०० हून जास्त बळी. मग मोंडलानेचं पोदेमोसशीही फाटलं आणि त्याने स्वतःचा पक्ष काढला.

पाव, तू आता आठ आमदारांचं काही बोलू नको.

पेडण्याचा_पाव

मी फक्त श्वास घेतला.

कोळसा_नको

मुरगावात राहतो, रोज खिडकीवर काळं पुसतो, म्हणून विचारतो. मोझांबिकच्या तेते प्रांतातला कोळसा जिंदालने घेतलाय ना? म्हणजे आमच्या बंदरातलाच जिंदाल तिथलं राजकारण पण चालवतोय का?

तारवटी_रिटायर्ड

ते वेगळे. तेतेतली मोआतिझेची खाण २०२२ ला ब्राझीलच्या व्हाले कंपनीकडून घेतली ती नवीन जिंदालच्या बाजूने. मुरगावचा धक्का जेएसडब्ल्यूचा, म्हणजे सज्जन जिंदाल. भाऊ भाऊ पण कंपनी वेगळी. खिडकी तुमची काळी होते ते मात्र खरं, माझीही होते.

साळगावचा_मास्तर

कोळशापेक्षा गॅस बघा. काबो देलगादोच्या समुद्रातल्या एरिया वन प्रकल्पात ओएनजीसी विदेश, भारत पेट्रोलियम आणि ऑइल इंडिया मिळून ३० टक्के भारतीय सरकारी पैसा आहे. २४ मार्च २०२१ ला बंडखोर पाल्मा गावात घुसले, महिन्याभरात प्रकल्प चालवणाऱ्या टोटाल या फ्रेंच कंपनीने काम बंद केलं. नंतर रवांडाचं सैन्य आलं. आपल्या पेपरांत तेव्हा किती ओळी आल्या? मी कात्रणं ठेवतो, एक सापडलं, सिनेमाच्या जाहिरातीखाली.

एक आणखी सांगतो आणि हे जपून ऐक, विद्यार्थिनी. अकिनु द ब्रागांसा, बारदेशात जन्मलेला माणूस, मापुतोच्या विद्यापीठात आफ्रिका अभ्यास केंद्राचा संचालक. रूथ फर्स्ट, दक्षिण आफ्रिकेतली वर्णभेदविरोधी लेखिका, तिथे संशोधनाची प्रमुख. १७ ऑगस्ट १९८२ ला तिने टपालाने आलेलं पाकीट उघडलं आणि स्फोटात गेली. ब्रागांसा त्याच खोलीत होता, जखमी झाला. चार वर्षांनी राष्ट्राध्यक्ष सामोरा माशेलबरोबर विमान अपघातात तोही गेला. तुम्ही लोक मेथडॉलॉजी मेथडॉलॉजी करता, त्या केंद्रात मेथडॉलॉजी म्हणजे आधी पाकीट कुणाकडून आलंय ते बघणं होतं. उत्तरेत जाऊ नकोस. २०१९ ला माकोमियात विस्थापितांशी बोलणाऱ्या स्थानिक पत्रकाराला पकडून तीन महिने आत ठेवलं होतं, आणि तो तिथलाच.

वाळवंटीकाठ

सर, मी जात नाहीये उत्तरेत. आईने हे वाचलं तर मी वाळपईलाही जाणार नाही.

डिचोलीची_वैनी

मी राजकारणातली नाही, नर्स आहे, पण बाकी सगळे पक्षच मोजताय म्हणून लिहिते. लढलेली माणसं घरी आली तेव्हा काय झालं? आमच्या गावात दोन घरांचं जमिनीवरून मारामारीपर्यंत गेलेलं, कोर्टाचा निकाल लागून पाच वर्षं झाली तरी एकमेकांकडे पाणी प्यायचे नाहीत. देवळात गाऱ्हाणं घातलं, दोघांनी नारळ ठेवला, तेव्हा कुठे चतुर्थीला एकमेकांकडे गेले. कागदावर मिटलेलं आणि मिटलेलं यात फरक असतो.

वाळवंटीकाठ

वैनी, तुम्ही नर्स आहात पण हा प्रश्न माझ्या समितीतल्या एकानेही विचारला नाही.

१९९२ ला करारानंतर दहा दिवसांत सर्वांना माफीचा कायदा झाला. दक्षिण आफ्रिकेसारखा सत्य आयोग वगैरे काही नाही. मग गावांनी आपापलं केलं. घरी आलेल्या लढवय्याला कुरांदेरो, म्हणजे तिकडचे वैदू, औषधी पाण्याने आंघोळ घालत, युद्धातले कपडे जाळत किंवा टाकून देत, मग घरात घेत. गोरोंगोझाच्या भागात तर युद्धात मेलेल्या सैनिकांचे आत्मे मारणाऱ्याच्या घरच्यांना धरतात अशी समजूत आहे, गांबा म्हणतात. आणि तो आत्मा अंगात आला की सगळ्यांदेखत बोलतो, मला कुणी मारलं, कुठे पुरलं. जे कोर्टात कुणी बोललं नसतं ते तिथे बाहेर पडतं, मग भरपाई ठरते. बोलायला बंदी नव्हती, पण बोलायची जागा ती एवढीच होती.

पण मला हे जास्त गोड करून लिहायचं नाहीये. कारण गाव जुळलं तरी वरची पेन्शन, प्रांताची सत्ता हे जुळलंच नाही. २०१८ ला घटना बदलून प्रांतांचे गव्हर्नर निवडून द्यायचं ठरलं, ध्लाकामांची जुनी मागणी, २०१९ ला निवडणूक झाली तर दहाच्या दहा प्रांत फ्रेलिमोला. आणि गंमत, जोडीला प्रत्येक प्रांतात केंद्राचा एक राज्य सचिव बसवला. निवडलेला एक, नेमलेला एक, आणि पैसा नेमलेल्याकडे जास्त.

फोंड्याचा_भाव

मी सुरुवातीला खवचट बोललो ते मागे घेतो. पण मोजायचं काय ते अजून कळलं नाही मला.

आफ्रिकारची_नात

मडगाव. उशिरा वाचला धागा. आमचे आजोबा लोरेन्सो मार्किसला (आताचं मापुतो) रेल्वेत क्लार्क, १९७६ ला परत आले, पण त्यांचा धाकटा भाऊ बेइराला राहिला, १९८९ पर्यंत. त्याची आजोबांना आलेली पत्रं घरी ट्रंकेत आहेत, मराठीत, देवनागरी, पोर्तुगीज शब्द मध्ये मध्ये. राजकारण एक अक्षर नाही, घाबरायचे. भाकरी, शाळा, कुणाचं लग्न. पण एक गोष्ट लहानपणापासून आम्हाला विचित्र वाटायची, प्रत्येक पत्राच्या उजव्या कोपऱ्यात तारखेखाली त्यांनी लिहिलेलं असतं 'दिवे आहेत' किंवा 'दिवे नाहीत'. कधी 'दिवे नाहीत, ९ दिवस'. आजी म्हणायची सवय होती त्याची.

तारवटी_रिटायर्ड

सवय नव्हे हो! बेइराची वीज डोंगरातल्या धरणांवरून यायची आणि रेनामोचे लोक तारांचे खांब उडवायचे. खांब उडाला की शहर काळोखात. काकांनी युद्ध कुठपर्यंत आलंय तेच लिहिलंय, सेन्सॉरला कळणार नाही असं.

वाळवंटीकाठ

मला आत्ता अंगावर काटा आलाय. किती पत्रं आहेत?? तारखा वाचता येतात??

आफ्रिकारची_नात

मोजली नाहीत, दीडेकशे असतील. वाळवीने खालचा थर खाल्लाय, वरची बरी आहेत. बाबा कुणाला हात लावू देत नाहीत, पण मी सांगितलं साखळीची मुलगी आहे, वाचून परत देईल, तर म्हणाले फोटो काढू दे, घरी नेऊ देणार नाही, आणि ट्रंक बाल्कांवात उघडायची, आत नाही, वास येतो.

वाळवंटीकाठ

चालेल चालेल. ग्लोव्ह्ज आणते, मोबाइलचा स्टँड आणते. रविवारी येऊ? साखळीहून पणजी, पणजीहून मडगाव, साडेदहापर्यंत पोचते.

आफ्रिकारची_नात

रविवारी फेस्त आहे, गर्दी असेल, कदंबा स्टँडवरून पायलटने (मोटारसायकल टॅक्सी) ये. आणि बाबांना पहिल्या पाच मिनिटांत फ्रेलिमो रेनामो काही विचारू नको. आधी काकांबद्दल विचार.

पेडण्याचा_पाव

रविवारी रात्री अपडेट टाक गो. आणि तळटीप विसरू नको.